भिंतीतले पाणी कोण मोजणार?

2005 च्या पावसाळ्यात महिनाभराच्या अंतराने दोन शहरे बुडाली. 26 जुलैला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबई जागच्या जागी थांबली. 29 ऑगस्टला कत्रिना चक्रीवादळ अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदळले, तटबंध फुटले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर मुंबईत चर्चा झाली ती मिठी नदीची, तुंबलेल्या नाल्यांची आणि लेप्टोस्पायरोसिसची. न्यू ऑर्लिन्समध्ये तटबंधांच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न ऐरणीवर आला, तो घरोघरी भिंतींवर चढलेल्या बुरशीचा. त्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने शहर आणि परिसरातील 112 घरे आत जाऊन पाहिली. 46 टक्के घरांत नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी होती आणि 17 टक्के घरांत तिचे दाट थर होते.

आपल्याकडेही पूर ओसरला की घरे पाहायला माणसे येतात. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनामा करतात. घर पूर्ण पडले की अंशतः, भांडी-कपडे गेले का, गोठा वाहून गेला का, हे लिहिले जाते. उभ्या राहिलेल्या भिंतीच्या पोटात किती पाणी मुरले आहे, हे त्या कागदावर येत नाही. मग घरमालक गाळ उपसतो, भिंत धुतो, मिळेल तेव्हा रंग मारतो. दिवाळीच्या आसपास कपाटामागे काळे ठिपके दिसतात, गाद्यांना कुबट वास येतो आणि घरातल्या एखाद्या लहानग्याचा खोकला हटत नाही.

वादळ किंवा पुरानंतर घराची बुरशीसाठी तपासणी करावी का, केली तर कोणी, कशी आणि कधी, या प्रश्नांवर गेल्या तीन दशकांत बरेच संशोधन झाले, खटले झाले, कायदेही झाले. त्यातला मोठा भाग अमेरिकेत घडला. त्या अनुभवातून निघणारे सार आपल्या चिऱ्याच्या आणि विटांच्या घरांनाही लागू पडते. बुरशी हे लक्षण आहे, कारण पाणी आहे. तपासायचे ते पाणी.

भीती आणि बाजार

घरातल्या बुरशीची आजची भीती तशी अलीकडची आहे. 1993-94 मध्ये ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या मुलांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला. ही मुले ज्या घरांत राहत होती त्यांतल्या अनेक घरांत आधी पाणी शिरलेले होते आणि तिथे स्टॅकिबॉट्रिस नावाची हिरवट-काळी बुरशी सापडली. वर्तमानपत्रांनी ‘विषारी काळी बुरशी’ घराघरांत पोचवली. पुढे रोग नियंत्रण केंद्राने आपल्याच अभ्यासाची तज्ज्ञांकडून फेरतपासणी करून घेतली आणि 2000 साली जाहीर केले की बुरशी आणि रक्तस्राव यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. या खुलाशाला पहिल्या बातमीइतकी जागा अर्थातच मिळाली नाही.

2001 साली टेक्सासमधील एका खटल्यात ज्युरीने बुरशीग्रस्त घराच्या मालकांना विमा कंपनीकडून 3 कोटी 20 लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. गळतीचा दावा कंपनीने नीट हाताळला नाही, असा ठपका होता. अपिलात ही रक्कम सुमारे 40 लाखांवर आली, पण तोवर विमा कंपन्या सावध झाल्या होत्या. घरविम्यातून बुरशी वगळणारी किंवा तिच्यावर मर्यादा घालणारी कलमे सर्रास आली. दुसरीकडे ‘तुमच्या घरात बुरशी आहे का, आम्ही तपासून देतो’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. यंत्र घेऊन येणारा, हवेचा नमुना नेणारा, आकड्यांचा अहवाल देणारा आणि त्याच अहवालाच्या आधारे साफसफाईचे हजारो डॉलरचे कंत्राट घेणारा माणूस अनेकदा एकच असे.

यावर टेक्सासनेच 2003 साली कायदा केला. तपासणी करणारा आणि सफाई करणारा या दोघांनाही परवाना लागेल आणि एकाच कामात दोन्ही भूमिका एकाला घेता येणार नाहीत, असे ठरले. फ्लोरिडा आणि न्यू यॉर्क या राज्यांनीही पुढे असेच नियम केले. ज्याला रोग सापडला तर पैसे मिळतात त्याने निदान करू नये, ही अक्कल कायद्यात लिहावी लागली, यावरूनच त्या बाजाराची कल्पना यावी.

आरोग्याबद्दल काय माहीत आहे

भीती बाजूला ठेवली तर ठोस माहिती बरीच आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2004 साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. दमट घर आणि नाक-घशाचा त्रास, खोकला, छातीतली घरघर, दमा असलेल्यांना येणारे झटके यांच्यातील संबंधाला पुरेसा पुरावा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. स्मरणशक्ती जाणे, कायमचा थकवा, कर्करोग अशा ज्या गोष्टी बुरशीच्या माथी मारल्या जात होत्या, त्यांना पुरेसा पुरावा आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत हवेतील बुरशीची कोणतीही सुरक्षित मर्यादा आकड्यात दिलेली नाही. घरात सतत ओल राहू देऊ नका आणि पृष्ठभागांवर बुरशी वाढू देऊ नका, एवढेच सांगितले आहे.

फिनलंडमधील एस्पू शहरात मुलांच्या एका गटाचा सहा वर्षे पाठपुरावा झाला. सुरुवातीलाच ज्या घरांत बुरशीचा वास असल्याचे पालकांनी सांगितले होते, तिथल्या मुलांमध्ये नव्याने दमा होण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक आढळले. पालकांच्या नाकाने दिलेली माहिती इथे उपयोगी ठरली, हे तपासणीच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात मात्र या विषयावर बोलताना 2021 सालची आठवण मध्ये येते. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे, जबडे आणि प्राण घेतले. वर्तमानपत्रांत तो आजार ‘काळी बुरशी’ म्हणून गाजला. त्याच वर्षी जुलैत चिपळूण आणि महाड बुडाले. भिंतीवर काळे डाग पाहून कोणाच्या पोटात गोळा आला असेल तर नवल नाही. पण हे दोन प्रश्न वेगळे आहेत. म्युकरच्या आजारात काळी पडते ती मेलेली ऊती. हा आजार मुख्यतः अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचा मारा आणि ढासळलेली प्रतिकारशक्ती यांच्या आधाराने वाढला. भिंतीवरचे काळे डाग बहुधा क्लॅडोस्पोरियम, अस्परजिलस यांसारख्या सामान्य बुरशींचे असतात आणि धडधाकट माणसाला त्यांचा त्रास होतो तो ॲलर्जीचा. वादळात म्युकरचा धोका येतो तो वेगळ्या वाटेने. 2011 साली अमेरिकेतील जॉप्लिन गावावर चक्रवात आला, तेव्हा माती आणि काड्या घुसलेल्या जखमांतून या जातीच्या बुरशीचा संसर्ग 13 जणांना झाला आणि त्यांतले पाच दगावले. म्हणून पूरग्रस्त घर साफ करताना पायात गमबूट आणि हातात मोजे हवेत, आणि खोल जखम झाली तर डॉक्टर गाठायला उशीर नको.

दमा असलेले, केमोथेरपी घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेले रुग्ण, तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी बुरशीच्या घरात सफाईला उभेच राहू नये. तपासणीत पहिला प्रश्न भिंतीबद्दल नसून या घरात कोण राहते, हा असला पाहिजे.

हवेचा नमुना घ्यावा का?

तपासणी म्हटले की डोळ्यांसमोर येते ते यंत्र. पंपाने हवा ओढायची, काचपट्टीवर बीजाणू अडकवायचे, प्रयोगशाळेत मोजायचे. न्यू ऑर्लिन्समध्ये पुरानंतर असे नमुने घेतले गेले तेव्हा एका घरात घनमीटरमागे सहा लाखांहून अधिक बीजाणू सापडले. आकडा भयंकर आहे. पण त्या घरात शिरलेल्या कोणालाही बुरशी दिसत होती, वास येत होता. आकड्याने निर्णय बदलला नाही.

अडचण उलट्या बाजूनेही आहे. बीजाणू सगळीकडे असतात, बाहेरच्या हवेत तर असतातच. खिडकी उघडली, पंखा लावला, केरसुणी फिरवली तरी दहा मिनिटांत आकडा बदलतो. कपाटामागे मोठा पट्टा असूनही नमुना स्वच्छ येऊ शकतो. शिवाय किती म्हणजे जास्त, याला सर्वमान्य मर्यादा नाही. म्हणूनच अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था आणि रोग नियंत्रण केंद्र दोघेही सांगतात, की बुरशी दिसत असेल तर नमुन्याची सहसा गरज नाही. पर्यावरण संस्थेने स्वतःच संशोधनासाठी 36 जातींच्या डीएनएवर आधारित एक निर्देशांक तयार केला होता. तो बाजारात घरगुती चाचणी म्हणून विकला जाऊ लागला, तेव्हा 2013 साली त्या संस्थेच्याच महानिरीक्षकांनी इशारा दिला की ही पद्धत सार्वजनिक वापरासाठी प्रमाणित नाही आणि लोक तिच्या भरवशावर चुकीचे निर्णय घेत असतील.

नमुन्याचा उपयोग मोजक्या ठिकाणी होतो. न्यायालयीन वाद असेल, रुग्णालयाची इमारत असेल किंवा डॉक्टरांना विशिष्ट जातीचा संशय असेल तर तो घ्यावा. एरवी तो खर्च पंख्यावर आणि गवंड्यावर केलेला बरा. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने 2018 साली जे तपासणी पत्रक काढले, त्यातही नमुना नाही. खोलीमागून खोली घ्यायची, छत, भिंत, जमीन, खिडकी अशा प्रत्येक भागाला वास, डाग, ओल आणि दिसणारी बुरशी यांचे गुण द्यायचे आणि काही दिवसांनी पुन्हा तेच करायचे. एक वही आणि पेन्सिल पुरते.

पाणी कुठून आले, किती थांबले

इथे अमेरिकेचे ज्ञान जसेच्या तसे उचलता येत नाही. तिथली बहुतेक घरे लाकडी चौकटीची, आतून कागद चिकटवलेल्या जिप्समच्या फळ्यांची असतात. तो कागद बुरशीचे खाद्य आणि फळीमागची पोकळी तिचे घर. पाणी शिरल्यावर 24 ते 48 तासांत वाळवा, नाहीतर फळी कापून टाका, हा तिथला नियम यातूनच आला. आपली भिंत बहुतेक चिरा, वीट किंवा काँक्रीटची असते. ताज्या सिमेंटचा आणि चुन्याचा अल्कधर्म बुरशीला मानवत नाही. ती वाढते भिंतीवरच्या धुळीवर, रंगातल्या सेंद्रिय भागावर, वॉलपेपरवर, प्लायवुडच्या कपाटांवर, कापसाच्या गाद्यांवर, पुस्तकांवर. म्हणजे आपल्याकडे भिंत सहसा वाचते, पण ती महिनोन्‌महिने पाणी सोडत राहते आणि तिला टेकलेली प्रत्येक वस्तू बुरशीला खाद्य पुरवते.

तपासणीचा आराखडा ठरतो तो पाणी कसे आले यावरून. गेल्या काही वर्षांतल्या तीन आपत्ती पाहिल्या तरी हा फरक कळतो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. कौले आणि पत्रे उडाले, पाणी वरून आले. अशा घरात जमीन कोरडी दिसते आणि ओल असते वाशांत, रिपांत, माळ्यावर, छताच्या प्लायवुडमध्ये आणि भिंतीच्या वरच्या टोकाला. वादळानंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, त्यामुळे पंख्याचाही आधार नव्हता आणि मागोमाग पावसाळा सुरू झाला. अशा घरात तपासणी शिडीवर चढून, वरून खाली करावी लागते.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात घुसले. त्या दिवशीच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. पाणी वेगाने चढले आणि बरेचसे लवकर उतरले, पण गाळ सोडून गेले. नदीच्या पुरात सांडपाणी, तेल, मेलेली जनावरे सगळे मिसळलेले असते. सफाई उद्योगाच्या मानकांत पुराचे पाणी सर्वांत दूषित वर्गात मोडते ते म्हणूनच. इथे तपासणी गाळाच्या मागावर करावी लागते. स्विचबोर्डच्या पेट्या, चौकटींच्या खाचा, ओट्याखालचे कप्पे आणि फरशीखालची भर यांत तो अडकून बसतो.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेने आयर्विन पुलापाशी 57 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी तिथे 45 फूट आहे. वस्त्यांत पाणी दिवसचे दिवस उभे राहिले. पाणी जितके दिवस उभे तितकी ओल खोल. बाहेरच्या डागापर्यंतच पाणी आले होते असे समजू नये, वीट ते त्याच्याही वर ओढून घेते. विटांच्या भिंती वाळण्याबाबत बांधकामातला जुना ठोकताळा असा, की जाडीच्या इंचामागे साधारण एक महिना धरावा. नऊ इंची भिंतीचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तपासणीची रीत

घरात पाय टाकण्याआधी वीज मुख्य ठिकाणाहून बंद हवी आणि वीजतंत्रीने पाहिल्याशिवाय ती सुरू करू नये. भिंतीला मोठे तडे, झुकलेला खांब किंवा खचलेली जमीन असेल तर आधी अभियंता, बाकी सगळे नंतर. एन-95 मास्क, हातमोजे आणि चष्मा घालूनच आत जावे.

पहिले हत्यार नाक. बंद घर उघडल्यावर पहिल्या मिनिटात येणारा कुबट वास महत्त्वाचा, कारण पुढे नाक सरावते. त्यामुळे शक्य असेल तर घराबाहेरच्या माणसाला आत बोलवावे. कोणत्या खोलीत वास तीव्र आहे हे लिहून ठेवावे.

दुसरे हत्यार टॉर्च. ती भिंतीला समांतर धरली की फुगवटे, पोपडे आणि ठिपके सावलीने उठून दिसतात. पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: कपाटांच्या पाठी, पलंगाचे बॉक्स, मॉड्युलर किचनच्या तळफळ्या, फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी, खिडकीच्या चौकटीखालचा कोपरा, बाथरूमला लागून असलेली भिंत, देवघराची मागची बाजू. जिथे वारा जात नाही तिथे आधी पाहावे.

पांढरे दिसले म्हणून बुरशी समजू नये. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात आणि पांढऱ्या भुशासारखे फुलतात, त्यालाच आपण लोणा म्हणतो. तो बोटांत चुरला की भुकटी होतो आणि पाण्याच्या थेंबात विरघळतो. बुरशी विरघळत नाही, ती घासली की पसरते. काळा डाग मळाचा की बुरशीचा हे पाहायला पातळ ब्लीचचा एक थेंब लावावा. डाग लगेच फिका पडला तर बुरशीची शक्यता जास्त. लोण्याने आरोग्य बिघडत नसले तरी तो भिंतीतून पाणी अजून येत असल्याची पावती आहे, म्हणून त्याचीही नोंद करावी.

तिसरे काम ओल मोजण्याचे. मॉइश्चर मीटर काही हजार रुपयांत मिळतो. बहुतेक मीटर लाकडासाठी जुळवलेले असतात. लाकडात 20 टक्क्यांच्या वर आकडा असेल तर बुरशीला वाव आहे असे समजावे. विटेवर, गिलाव्यावर तोच आकडा शब्दशः घेऊ नये, कारण क्षार असले तर मीटर ओल वाढवून दाखवतो. पाणी न लागलेल्या वरच्या मजल्याची किंवा त्याच घरातली कोरडी भिंत आधी मोजावी आणि तिच्याशी तुलना करावी. दर फुटावर खडूने खूण करून, तारीख घालून वर्तमानपत्राच्या समासावर आकडे लिहिले तरी चालतात. एका दिवसाचा आकडा फारसे सांगत नाही. तो दर पंधरवड्याला उतरतो आहे की नाही, यावरून कळते. तो उतरत नसेल तर पुराचे पाणी नव्हे, कुठलीतरी गळती अजून चालू आहे.

मीटर नसेल तर दीड फूट चौकोनाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून जमिनीवर किंवा भिंतीवर रात्रभर ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला दव दिसले तर ओल आतून येते आहे. उष्णता टिपणारा कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची अलीकडे चलती आहे. तो कॅमेरा पाणी पाहत नाही, तापमानातला फरक पाहतो. संशयाची जागा तो दाखवतो, खात्री मीटरनेच होते.

डाग एकूण दहा चौरस फुटांच्या आत, म्हणजे साधारण तीन फूट बाय तीन फूट असेल तर धडधाकट माणसाने स्वतः साफ करावा, असे अमेरिकी पर्यावरण संस्थेचे मार्गदर्शन आहे. टणक पृष्ठभागाला साबणाचे पाणी, ब्रश आणि नंतर पूर्ण वाळवणे पुरते. भिजलेली गादी, फुगलेले प्लायवुड, कुजलेला पुठ्ठा धुऊन वाचत नाही, ते सगळे बाहेरच काढावे. ब्लिचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये वा अमोनियात मिसळू नये. ॲसिडबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबरही विषारी वायूच होतो. पुरानंतरच्या सफाईत घाईने दोन्ही बाटल्या एकाच बादलीत ओतल्या जातात, म्हणून हे ठासून सांगायला हवे.

रंगाची घाई

आपल्याकडची सर्वांत मोठी अडचण पंचांगाची आहे. 2021 मध्ये चिपळूण-महाडचा पूर 22 जुलैला आला आणि गणेशचतुर्थी होती 10 सप्टेंबरला. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बुडाले आणि 2 सप्टेंबरला गणपती बसले. चाकरमानी घरी येणार, मखर बांधायचे, मग ओल्या भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढतो. रंगाचा थर भिंतीची वाफ अडवतो, तीन महिन्यांत फुगे येतात आणि फुग्यामागे बुरशी धरते. रंगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला तारीख दिलेली असते.

शिवाय आपल्या पुराच्या महिन्यांत हवाच ओली असते. बुरशी रोखायची तर घरातली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली हवी. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ती ऐंशी-नव्वद टक्के असते. तेव्हा नुसत्या खिडक्या उघडून भिंत वाळत नाही. उघडीप असेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि पंखा बाहेरच्या दिशेने लावावा. पाऊस लागला की खिडक्या बंद करून एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर चालवावा. फर्निचर भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे. फुगलेला गिलावा खरवडून विटा उघड्या कराव्यात. खरी वाळवण ऑक्टोबरच्या उन्हातच होते.

गणपतीला घर पांढरे दिसायला हवे असेल तर जुना चुना उपयोगी पडतो. चुन्याची सफेदी वाफ बाहेर जाऊ देते आणि तिच्या अल्कधर्मामुळे बुरशीला थारा मिळत नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या चिऱ्याच्या जुन्या घरांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली. पक्का रंग मीटरचे आकडे कोरड्या भिंतीच्या जवळ आल्यावरच लावावा, मग ते मार्गशीर्ष का असेना.

कोणी तपासावे आणि कोणाला दाखवावे

शहरात ‘मोफत तपासणी’ करणारे बहुधा वॉटरप्रूफिंगचे किंवा रंगाचे कंत्राटदार असतात. त्यांचे मोजमाप खोटेच असते असे नाही, पण त्यांचा उपाय आधीच ठरलेला असतो. टेक्सासने कायद्याने केले ते आपण व्यवहाराने करू शकतो. कारण शोधणाऱ्याला, म्हणजे स्थापत्य अभियंता किंवा वास्तुविशारदाला, वेगळे शुल्क द्यावे, लेखी अहवाल घ्यावा आणि कामाचे दर दुसऱ्यांकडून मागवावेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेत पावसाच्या पाण्याची बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून होणारी गळती दुरुस्त करणे संस्थेच्या खर्चाचे काम आहे, घरातल्या संडास-मोरीची गळती सदस्याच्या. ओल कुठून येते हे मोजून लिहिलेले असेल तर निम्मी भांडणे सभेपर्यंत जाणार नाहीत.

घराचा विमा असेल तर सफाईआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेजवळ मोजपट्टी धरून एक फोटो घ्यावा, कंपनीला लगेच लेखी कळवावे आणि फेकायच्या वस्तूंची यादी करावी. 1 एप्रिल 2021 पासून सर्व कंपन्यांना द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी वादळ आणि पुराचे नुकसान भरून देते. हळूहळू झालेल्या झिजेला विमा नसतो. पुरानंतर तीन महिन्यांनी दिसलेली बुरशी पुरामुळेच आली, हे दाखवायला पहिल्या आठवड्यातले फोटो आणि ओलीचे आकडेच कामी येतात.

शासनाने करण्यासारखी गोष्टही मोठी नाही. पंचनाम्याच्या पथकाबरोबर एक मीटर द्यावा आणि पूरग्रस्त घराला दिवाळीनंतर दुसरी भेट ठरवावी. नगरपालिका, ग्रामपंचायती आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी चार-दोन मीटर ठेवून ते लोकांना वापरायला दिले तर एका गावाची ओल एका हिवाळ्यात मोजून होईल. आशा सेविकांच्या भेटीत ‘घरात कुबट वास येतो का’ हा एक प्रश्न वाढवला तर दम्याचे रुग्ण वेळेवर कळतील.

तोवर घरमालकाने तीन गोष्टी कराव्यात. पाणी कुठून आले ते लिहावे, दर पंधरा दिवसांनी ओल मोजावी आणि आकडा उतरेपर्यंत रंगाऱ्याला थांबवावे. प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा ही वही घराच्या जास्त कामाची आहे.